पेढे कशाबद्दल?

एकदा एका वृद्ध गुरुजींच्या दारात त्यांचा जुना विद्यार्थी येऊन उभा राहिला. नाव सारंग, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. चेहरा उतरलेला, डोळे जागरणाने ओढलेले. गुरुजींनी पाणी दिलं, तसा तो आपणहून बोलू लागला.

कॉलेजात कंपन्या येत होत्या आणि नेमकं सारंगला वगळून जात होत्या. ज्याची निवड होई, तो वसतिगृहात खोलोखोली पेढे वाटी. आरंभी सारंगने मित्रांचे पेढे आनंदाने खाल्ले. पुढे मात्र पेढ्यांचाच असा धसका बसला, की तो आतून कडी लावून बसू लागला. झोप उडाली, जेवण सुटलं. कालही नकार आला होता. आईला त्याने निकाल लागायचा आहे असंच सांगितलं होतं. आज घरी निघाला खरा, पण पाय घराकडे वळेनात.

"गुरुजी, मी नसलो तरी कुणाचं काय अडणार आहे?" तो हळूच म्हणाला.

गुरुजींनी चपला चढवल्या, त्याचा हात धरला आणि थेट मिठाईचं दुकान गाठलं. पेढे घेतले आणि आळीत घरोघर वाटायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "पेढे कशाबद्दल?"

"आमचा सारंग आलाय," गुरुजी म्हणाले. प्रत्येक दारात हेच उत्तर. सारंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी परतताच त्याने विचारलं, की ही थट्टा कशासाठी, मी मिळवलंय तरी काय?

गुरुजींनी उरलेला पेढा त्याच्या तळहातावर ठेवला.

"तू जन्मलास तेव्हा तुझ्या वडिलांनी आमच्या शाळेत येऊन पेढे वाटले होते. मीही खाल्ला. तेव्हा तू काय मिळवलं होतंस रे? नुसता आला होतास. तेवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो. नोकरीचे पेढे येतील तेव्हा येतील, पण ते दुसरे. पहिले कधीच वाटून झालेत. आता आईला खरं सांग. आणि ही झोप, हे मनातले विचार डॉक्टरांच्या कानावर घालू. उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

सारंगने फोन लावला. "आई, नाही झालं," एवढंच म्हणू शकला आणि रडू कोसळलं. आईने नोकरीचं काही न विचारता, तो आहे कुठे आणि जेवायला घरी येतोय ना, एवढंच विचारलं. येतो म्हणाला, आणि हातातला पेढा त्याने तेव्हा कुठे तोंडात टाकला.

आपल्याही दारात असं कुणी आलं, तर आधी त्याचं तोंड गोड करावं. निकालाची चौकशी मागाहून करता येते.