दवंडीने दिलेला नकार

एका नदीकाठच्या नगरात जिवाजीपंत नावाचे एक खजिनदार राहत. बायको वारली होती, मुलगी दूर सासरी होती. त्या नगरात एक जुनी रीत होती. संध्याकाळी दिवाबत्तीवाला दारासमोरचा दिवा लावी आणि घराकडे तोंड करून हाक देई, "दिवा लागला हो!" आतून उत्तर येई, "उजेड राहू दे!" पंतांच्या दारात केरोबा हाक देई. पंत कामात गढलेले असत, उत्तर देत नसत. पण दिवसभरात त्यांच्या घराकडे तोंड करून बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

एका वर्षी पुरात नदीवरचा पूल वाहून गेला. त्यातच धान्य महागले. दिवाबत्तीवाले, झाडूवाले अशा नगराच्या नोकरांनी पगारवाढ मागितली, म्हणून नगरसभा भरली.

"वाढ द्यायलाच हवी!" सभासद एका सुरात म्हणाले.

"मग घरपट्टी वाढवू," पंत म्हणाले.

झाले! त्याला एकही हात वर झाला नाही. वाढ प्रत्येकाला द्यायची होती, फक्त दुसऱ्याच्या खिशातून. खजिन्यात तर पूल आणि पगारवाढ दोन्हींना पुरेल एवढा पैसा नव्हता. शेवटी पंतांच्याच सांगण्यावरून यंदा वाढ नाही, असे ठरले.

"पण त्यांना सांगणार कोण?" नगराध्यक्षांनी विचारले. सगळ्यांनी पंतांकडे पाहिले. त्या माणसांसमोर उभे राहून नाही म्हणायचे धैर्य त्यांना होईना.

"दवंडी पिटवा," ते म्हणाले.

चौकात दवंडी झाली. त्या संध्याकाळी केरोबाने दिवा लावला, काच पुसली आणि तो मुकाट्याने पुढे गेला. शेजारच्या दारात मात्र त्याची हाक ऐकू आली.

मग रोजच तसे होऊ लागले. पंत ताट वाढून घेत आणि तसेच झाकून ठेवत. आपला हिशेब त्यांनी पुन्हा तपासला. तो बरोबरच होता, तरी घर खायला उठे. शेवटी ते एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले.

"केरोबा, रागावलास का? अरे, पैसाच नव्हता."

"ठावं हाय की, पंत. पूल न्हाई म्हून आमचीच पोरं जीव मुठीत धरून होडीनं येत्यात," केरोबा शिडी खांद्यावर घेत म्हणाला. "पर दवंडी हरवलेल्या म्हशीची पिटत्यात. आमाला तुमी येऊन सांगायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी पंत होडीत बसून पलीकडच्या नोकरांच्या वस्तीत गेले. "वाढ नको, असं मीच म्हणालो," त्यांनी सांगितले. "पैसा आधी पुलाला लागेल. पूल झाला की वाढीचा विषय मीच काढीन. त्यासाठी घरपट्टी वाढवावी लागली, तर तेही मीच बोलेन."

"आन् तवर आमी काय खायाचं?" झाडूवाल्या म्हातारीने विचारले.

"मला ठाऊक नाही, बाई," पंत म्हणाले. लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवले. कोणी पाणीही विचारले नाही. पंत सगळ्यांचे बोलणे संपेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग एकटेच परतले.

संध्याकाळी केरोबाने दिवा लावला आणि शिडी उचलली. हाक दिली नाहीच. तो चालू लागला तेव्हा पंतांना राहवेना. त्यांनी दारातून स्वतःच हाक दिली, "दिवा लागला हो!"

केरोबा थबकला, पण वळला नाही. तसाच पुढे गेला. पंत दिव्याखाली उभे राहिले. बऱ्याच वेळाने गल्लीच्या टोकाकडून आवाज आला, "उजेड ऱ्हाऊ द्या, पंत!"

तात्पर्य: नकार द्यावाच लागला, तर तो समोर जाऊन द्यावा. माणूस नकार सोसतो, पण आपल्यापासून तोंड चुकवले हे त्याला सोसत नाही.