शौचालयाचा पहिला मान

निवडणूक तोंडावर आली, तसे नगरसेवक खांबेटे वस्तीतल्या नव्या सार्वजनिक शौचालयाची फीत कापायला आले. फीत कापून गरजले, "इथे मराठी, तेलुगू, बिहारी, मुसलमान! तुमचं कधी एकमत होतं का? सगळ्यांची मिळून एक मागणी सांगा, आजच्या आज पुरी करतो!"

गर्दीतून जुलेखाबी भरली बादली घेऊन पुढे आली. "साहेब, उद्घाटन तुमचं, तर वापरायचा पहिला मानही तुमचाच. जाऊन या."

खांबेट्यांनी आत डोकावलं आणि ते झटकन मागे सरले. "इथे? एवढ्या लोकांत? अहो, दाराला आतून कडीच नाही!"

जुलेखाबी बायकांकडे वळली. "ऐकलंत ना गं? आपल्या सगळ्यांची मागणी साहेबांनीच सांगून टाकली."