हरबा सोनाराच्या फुंकेची कहाणी

ऐक गं वाराईमाते, वाऱ्याच्या आई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं नगर, नगरात सोनारआळी. तिथं हरबा सोनार, त्याची बायको भागू, लेक गोदी. अक्षता मुठीत धरा गं, चुळबुळ नको.

काय ते दिवस होते, बायांनो! हरबा फुंकणी तोंडाला लावी, दिव्याची ज्योत दागिन्यावर वळवी, एका दमात डाक वितळवून सांधा जोडी. गोदीला खांद्यावर घेऊन वाराईची टेकडी चढे, वर पोचून गाणंही म्हणे. पोरीच्या डोळ्यात कचरा गेला की हळूच फुंकर घाली. भागू उंबऱ्यात उभी राहून बघे. त्या घरची रीत होती, लेकीच्या मंगळसूत्राच्या वाट्या बापानं आपल्या दमावर घडवायच्या.

मग काय झालं? हरबाला विडी लागली. ती पेटवावी तरी कशावर? ज्या ज्योतीला रोज हात जोडायचे, तिच्यावरच! हसता काय गं, तुमच्या घरी काय वेगळं आहे? मग हरबाचा दम सरला. टेकडी अर्ध्यावर राहू लागली. घरातल्या धुरानं गोदीही खोकू लागली.

मग गोदीचं लग्न ठरलं. हरबा वाटीला कडी लावायला बसला. फुंकणी लावली, खोकल्याची उबळ आली, ज्योत भलतीकडे गेली, वाटी वितळून तिचा गोळा झाला. शेजारी म्हणाला, "आण इकडे, मी करून देतो." हरबानं मान खाली घातली. भागूनं दारातून ते पाहिलं.

मग ती रडत टेकडीवर गेली. पायरीवर वाराई म्हातारीच्या रूपानं बसली होती.

"का गं रडतेस?"

"आजी, घरधन्याचा दम गेला. मला वसा द्या, मी उपास करीन."

"उपास तू करणार नि विडी तो ओढणार? असला वसा मला चालत नाही. त्यालाच पाठव."

मग हरबा धापा टाकीत, बसत उठत वर गेला. म्हातारी म्हणाली, "विड्यांचा कट्टा पाण्यात बुडव. साऱ्या आळीला सांग, म्हणजे कुणी पुढं करणार नाही. तलफ येईल, तेव्हा घोट घोट पाणी पी, बडीशेप चाव, छातीभर वारं घे. जरा दम धरलास की ती निघून जाते. चिडशील, झोप उडेल, भिऊ नकोस. चुकलास तर लपवू नकोस, पुन्हा वसा धर."

हरबानं वसा घेतला. आधी भाताचं ताट भिरकावलं. मग रात्र रात्र येरझारा घातल्या. मग एका बारशात मित्रानं विडी दिली, ती ओढली! घरी येऊन आपणच म्हणाला, "भागू, चुकलो गं." भागूला राग असा आला, की काय सांगू! पण तिनं बडीशेपेची वाटी पुढं सरकवली. हरबानं पुन्हा वसा धरला.

मग खोकला ओसरला. जेवणाला चव आली. टेकडी पुरती चढता आली. मग हरबानं तोच सोन्याचा गोळा घेतला, वाट्या घडवल्या, ज्योतीला हात जोडले, फुंकणी लावली. कडी बसली! दाराआड भागू रडली.

लग्न लागलं. गोदी गाडीत बसली, गाडी हलली, धूळ उडाली.

"आबा, डोळ्यात गेलं काहीतरी."

हरबा धावत गेला, पापणी उचलली, फुंकर घातली. गोदी हुंदका देत म्हणाली, "आबा, तुम्हांला विडीचा वास येत नाही हो. मी लहान असतानाचे आबा परत आलात."

वाराईमाते, हरबाला पावलीस तशी आमच्या घरच्या माणसांना पाव. लेकीबाळींना बापाची फुंकर लाभो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला नि सांगणारीला सुफळ होवो.