सटवाजीची खरी ललकारी

“थांब! अतिशयोक्ती!”

महाराज दरबाराच्या दारातच ओरडले आणि सटवाजी चोपदाराची ललकारी घशातच अडकली. तीस वर्षं तो काठी आपटत राजाच्या पुढे चालत होता. आपण काय ओरडतो, त्यातलं निम्मं त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. पण हल्ली महाराजांना मराठी व्याकरण शिकवायला एक मास्तर येत, आणि महाराजांना कोणीही बोललं की त्यातला अलंकार पकडायचा नादच लागला होता.

“सिंहासारखे, ही उपमा! प्रजेचे कल्पवृक्ष, हे रूपक! आणि माझ्या हाकेनं समुद्र थरथरतो? कधी थरथरला?”

“थरथरला असेल, सरकार. त्यानं अजून कळवलं नाही, एवढंच.”

“समुद्र कळवतो? चेतनगुणोक्ती!”

सटवाजीनं कान पकडले. “तोंड उघडलं की एक सांडतोच, सरकार.”

“उद्या एकही अलंकार नको. शब्दन् शब्द खरा हवा! ऐकून दरबार उभा राहिला पाहिजे आणि मी खूश झालो पाहिजे. नाहीतर काठी ठेव आणि घरी बस!”

घरी ठकूबाई म्हणाली, “खरं बोलायचं? तुम्ही? काठी भरीव चांदीची आहे, असं सांगून लग्न केलंत माझ्याशी!”

“अगं, मलाही तसंच वाटत होतं,” सटवाजी म्हणाला. “आणि ती काठी गेली तर मी कोण? उगाच ओरडणारा म्हातारा!”

दुसऱ्या दिवशी त्यानं काठी आपटली.

“होशियार! पुढे चालतोय बिनदाताचा, बिनअकलेचा सटवाजी! मागून येताहेत महाराज! एकही लढाई न पाहिलेले! थंडीत आंघोळ टाळणारे! बुद्धिबळात हरले की पट उधळणारे!”

भीतीनं अख्खा दरबार ताडकन उभा राहिला. महाराजांचा चेहरा लाल झाला. सटवाजीनं डोळे मिटून शेवटची आरोळी ठोकली,

“आणि हे सगळं ऐकून पोट धरून हसणारे, म्हाताऱ्याची काठी न काढून घेणारे महाराज!”

“मी हसलो कुठे?” महाराज गरजले. “ही अतिशयोक्ती!”

“खरंच आहे, सरकार. फक्त मी जरा आधी बोललो. आता मला खोटं पाडायचं की खरं, ते आपल्या हाती!”

महाराजांनी ओठ दाबले. मिशी हलली. आणि मग ते असे हसले, की डोक्यावरची पगडी पायाशी पडली! तीच उचलून त्यांनी सटवाजीच्या डोक्यावर ठेवली आणि भरीव चांदीची नवी काठी करायला सांगितली.

“मास्तर, या अलंकाराचं नाव काय?” महाराजांनी दरबारात उभ्या असलेल्या मास्तरांना विचारलं.

मास्तर अजून व्याकरणाच्या पुस्तकाची पानं उलटताहेत.