तानीची जागा

"वर्गात सारखी चुळबुळ! त्या तानीला आजच शाळा सोडल्याचा दाखला द्या," मुख्याध्यापक खोचरे सर कडाडले.

अंगावरची हळदही न उतरलेल्या वीणाबाईंचं डोकं तडकलं, पण आवाज चढला नाही. "देते सर. आधी तिच्या जागेवर बसून माझा तास तर पाहा."

सर ऐटीत बसले. खिडकीबाहेर शाळेची खिचडी शिजत होती. फोडणीचा वास थेट नाकात, आणि सरांचा नेमका गुरुवारचा कडक उपास! त्यांनी आवंढे गिळले, बैठक बदलली, शेवटी उठलेच.

"बसा सर, चुळबुळ नको," बाई म्हणाल्या. "तुमचा उपास गुरुवारचा, तानी रोजच उपाशी येते. आता दाखला कुणाकुणाला देऊ?"

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेआधी तानीच्या हातात सरांच्या घरची भाकरी असे.