दार वाजतंय

"…मग आता अजून काय काढू, वस्ताद?"

गाडीच्या उघड्या दाराशी शलाका उकिडवी बसली होती. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात वजनांची वही.

वस्ताद दस्तगीर शिकलगार प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भडंग खात होते. त्यांना घाई नव्हती.

"आजपातूर काय काय काढलंस?"

"मागची सीट. गालिचे. स्पीकर. काच वर-खाली करायची मशीन. दारांचं रेक्झिन, फोम, पुठ्ठा, सगळं काढलं. त्याजागी आतून अर्ध्या मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला. एका दाराचा पत्रा सहाशे चाळीस ग्रॅम." तिनं पान उलटलं. "स्क्रूंची मागे आलेली टोकं कापली. त्यात अकरा ग्रॅम वाचले."

"अकरा."

"अकरा."

वस्तादांनी पुडी तिच्यापुढे धरली. "खा. अकरा ग्रॅम वाढशील."

शलाकाला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

माळावरच्या त्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून एकदा ही शर्यत व्हायची. चारशे मीटर, नाकासमोर. वळण नाही, डावपेच नाहीत. दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि त्या टोकाला पोचायचं, बस्स. प्रत्येकाला तीन संधी. शलाकाच्या दोन झाल्या होत्या. पहिली चौदा पूर्णांक एकतीस सेकंद. दुसरी चौदा पूर्णांक चौतीस. म्हणजे शिकून मागे गेली होती.

तिसरी अर्ध्या तासावर आली होती.

आणि घरी ती बोलून बसली होती. चारचौघांत, जेवणाच्या ताटावर: "यंदा चौदाच्या आत आले नाही ना, तर गाडी विकूनच टाकते!" तिला कुणी काही विचारलं नव्हतं. कुणीतरी 'असं नको गं करू' म्हणेल, अशी तिची बारीकशी आशा होती. सासूबाई म्हणाल्या, "आधी ताक घे." नवरा म्हणाला, "मलापण वाढ." झालं. शब्द हवेत गेला तो गेलाच. आणि शलाका शब्दाची पक्की. निदान स्वतःबद्दल तिचा तसा समज होता आणि तो मोडायची तिची तयारी नव्हती.

"वजनच आहे कुठंतरी," ती स्वतःशी पुटपुटली. "कुठंतरी लपून बसलंय."

वस्ताद उठले. दारापाशी आले.

कोल्हापुरात उद्यमनगरात वस्तादांची शेड होती. चाळीस वर्षं पत्र्याचं काम. दोन वर्षांपूर्वी शलाका लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेली होती, आत दारांची चित्रं, तीन बाजूंनी फिरणारी. वस्तादांनी ती पाहिली, 'झ्याक' म्हणाले, आणि तिच्या हातात एक चेपलेला पत्रा दिला. म्हणाले, हे सरळ कर. मेकॅनिकलमध्ये पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईला तो एक पत्रा सरळ करायला अकरा रविवार लागले. पुढे बाळंतपण झालं, ते त्यामानानं सोपं गेलं.

ही दारं तिनं स्वतः कापली होती, स्वतः वाकवली होती. पोरीच्या नाचणीसत्त्वासाठी आणलेल्या वजनकाट्यावर एकेक पत्रा तोलला होता. त्या काट्यावर आता घरात कुणी नाचणी ठेवत नसे.

"आणि दार वाजतं, वस्ताद," ती हळूच म्हणाली. वहीत हे लिहिलेलं नव्हतं.

"कुठलं?"

"उजवं. माझ्या बाजूचं. दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकला की सुरू होतं. खर्रर्र… खर्रर्र…"

"आवळलंस?"

"सगळे स्क्रू आवळले. मग खालून वाजायला लागलं. खालचे आवळले, तर बिजागरीकडून."

वस्तादांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. बाजारात माठ घेताना बघतात तसं नखानं पत्र्यावर चार ठिकाणी वाजवून पाहिलं. हँडलच्या जागी शलाकानं लावलेली कापडी पट्टी जोर लावून ओढली. बिजागरीवरून अंगठा फिरवला. एकेका स्क्रूला बोट लावलं.

"बसलंय घट्ट," ते म्हणाले. "काम चोख हाय."

दोन वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले. एरवी शलाकानं हे वाक्य घरी जाऊन भिंतीवर लावलं असतं.

"मग वाजतं का?"

"अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तो. गप कसा बसंल?"

"पण म्हणजे… सुटून येणार नाही ना? धावताना?"

"न्हाई."

"नक्की?"

वस्तादांनी पट्टीला लोंबकळून दाखवलं. गाडी डुलली. पत्रा जागचा हलला नाही.

"वाजलं की तू काय करतीस?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? ऐकते."

"आणि पाय?"

"पाय अॅक्सिलरेटरवर. पूर्ण दाबलेला."

"पूर्ण?"

"पूर्ण, वस्ताद. इंजिनिअर आहे मी. एवढं कळतं."

वस्तादांनी भडंगातला एक शेंगदाणा निवडला…

तेवढ्यात दोन तंबू पलीकडे कुणाचंतरी तान्हं मूल रडलं. एकदाच. लगेच गप्पही झालं.

शलाकाची कुहू चौदा महिन्यांची. ती चाळीस किलोमीटरवर, आजीच्या कडेवर होती. हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. पण वही मातीत पडली होती, स्क्रूड्रायव्हर गाडीखाली घरंगळला होता, आणि शलाका उभी होती.

वस्ताद तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. तिच्या बुटांकडे बघत होते.

"कधी उठलीस?"

"अं?"

"काय न्हाई." त्यांनी पुडी घडी करून खिशात घातली. "फडकं हाय का एखादं? मऊसूत?"

"कशाला?"

"दारात घालाय."

शलाकानं खिसा चाचपला. हातरुमाल म्हणून तिनं सकाळी घाईत जे कोंबलं होतं ते बाहेर आलं. तो कुहूचा लंगोट निघाला. मलमलीचा, पिवळ्या बदकांचा. ती कानापर्यंत लाल झाली. तसं कोल्हापुरात वस्ताद म्हणवणाऱ्याला लंगोटाचं नवल नाही, पण त्यावर बदकं बहुधा नसतात.

"चालंल की," वस्ताद म्हणाले.

"पण बेचाळीस ग्रॅम आहे ते!"

"याचं बी वजन केलंस?"

"…सगळ्याचंच केलंय."

"गाडी हलकी कराय आलीस आणि आख्खं घर तोलून बसलीस की गं." वस्तादांनी लंगोट खांद्यावर टाकला. "जा. हेल्मेट घालून ये. घरला फोन कर, म्हंजे मधीच आठवण याची न्हाई."

"चारदा केलाय."

"मग पाचव्यांदा कर."

शलाका तंबूत गेली. सासूबाईंनी पहिल्या रिंगलाच फोन उचलला.

"खाल्ली पेज तिनं. सगळी. तुझ्यासारखं ताटात उरवत नाही. ठेव आता."

हेल्मेट चढवून ती परतली तेव्हा वस्ताद उजव्या दारापुढे बसून शेवटचा स्क्रू फिरवत होते.

"घातलं?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "बस गाडीत. मी तिकडल्या टोकाला थांबतो." आणि आपली जुनी स्कूटर काढून ते धावपट्टीच्या कडेकडेनं फटफट करत निघूनही गेले.

रेषेवर गाडी आणताना शलाकाच्या डोक्यात नेहमीची यादी सुरू झाली. टायरमध्ये हवा. पट्टा. गाडी विकायची तर जाहिरातीत दारांबद्दल काय लिहायचं. घेणारा म्हणेल, ताई, काचेची मशीन कुठंय? बेचाळीस ग्रॅम जास्त झाले. बेचाळीस ग्रॅमचे किती सेकंद…

दिवा हिरवा झाला.

पहिला.

दुसरा.

तिसरा टाकताना तिनं श्वास धरला आणि काही झालं नाही. दार गप. पाय तळाशी टेकला तो टेकलेलाच राहिला. त्याच्या पोटात पिवळी बदकं मऊ बसली होती, काळजी करायचं कारण नव्हतं. नुसतं इंजिन होतं, समोर पांढरी रेघ होती, आणि अंगाखाली गाडी अशी पळत होती जशी ती कित्येक दिवसांत पळाली नव्हती. चौथा. शलाका हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसत होती. का ते तिला सांगता आलं नसतं.

रेघ मागे गेली.

भोंग्यातून आवाज आला: "तेरा पूर्णांक ब्याण्णव!"

गाडी पुरती थांबायच्या आत तिनं दार उघडलं. हेल्मेट काढलं, वस्तादांना वाकून नमस्कार केला, मग पुन्हा केला, मग घरी फोन लावला. सहावा.

"आई, तेरा ब्याण्णव! गाडी विकत नाही!"

"कोण विकणार होतं?" सासूबाई म्हणाल्या.

वस्ताद स्कूटरला टेकून चष्मा पुसत होते.

पाच मिनिटांत शलाका पुन्हा इंजिनिअर झाली. "बघा वस्ताद, याला शास्त्र आहे. पातळ पत्र्याचा कंप असतो ना, तो मऊ कापड शोषून घेतं. म्हणजे बेचाळीस ग्रॅम वाढवून मी चार दशांश सेकंद कमी केले! आता डावं दारही तसंच करायचं. तेच कापड अर्धं फाडू. एकवीस ग्रॅम इकडं, एकवीस तिकडं."

"फाड की," वस्ताद म्हणाले.

ती दारापुढे उकिडवी बसली. एकेक स्क्रू काढून तळहातावर घेतला. आखूड केलेले, टोकं कापलेले स्क्रू. शेवटचा निघाला तसा तिनं पत्रा अलगद बाजूला केला आणि आत हात घातला.

तिनं कोपरापर्यंत हात घातला. मग वाकून आत डोकावली.

आत दाराचं रिकामं लोखंड होतं. तिच्याच पेन्सिलीच्या खुणा होत्या. बाकी काही नव्हतं.

तिनं हातातल्या पत्र्याला टिचकी मारली. पत्रा वाजला. खर्रर्र…

मग तिनं मान वळवून वस्तादांकडे पाहिलं. ते अजून चष्मा पुसत होते. एक काच झाली, दुसरी चालली होती. बोटांमधून पिवळी बदकं डोकावत होती.

"वस्ताद… तुम्ही ते घातलंच नव्हतं?"

"न्हाई."

"मग दार वाजायचं थांबलं कसं?"

वस्तादांनी चष्मा नाकावर चढवला. लंगोटाची नीट चौकोनी घडी केली, पुढे आले, आणि ती तिच्या हातात ठेवली.

"थांबलं?" ते म्हणाले. "मला तर हितं उभं राहून ऐकू येत हुतं की."