रोज दहाला येणारं जनावर

"मेमे, तुम्ही त्याला आजवर कितींदा बघितलं?"

साहेबानं हे तिसऱ्यांदा विचारलं. मेमे आमच्या चुलीपाशी चहात सातूचं पीठ कालवत बसला होता.

मेमे म्हंजे तिकडं लडाखात आजोबा. ऐंशीचा म्हातारा, सगळा जल्म याकांच्या मागं गेलेला. आन् साहेब म्हंजे केळुसकर डॉक्टर, तिथल्या सरकारी जंगलातला जनावरांचा शास्त्रज्ञ. जंगल आपलं म्हणायचं, झाड एक नाय. नुसता धोंडा आन् बर्फ. मी साहेबाचा स्वयंपाकी, हमालबी मीच.

आठ दिवसांत खिंड बंद होणार होती. तवर हिमबिबट्याचा एक फोटो खाली गेला नाय, तर साहेबाचं काम बंद. माझंबी.

"मोजलं नाय," मेमे म्हणाला.

साहेबानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, मोजल्याबिगर काय कळत नसतं. दहा कॅमेरे लावलेत, म्होरनं काय गेलं की आपोआप फोटो. दोन महिन्यांत चार हजार निघालेत.

"मग दाव."

साहेबानं लॅपटॉप उघडला. मेमे एकेक फोटो बघाय लागला, खाली छापलेली वेळबी. घाई नाय, हसणं नाय.

पयला साहेब. दुसरा साहेब. वाकलेला साहेब. नाक शिंकरणारा साहेब. एकात तर धोंड्याआड बसलेला साहेब... मी चुलीकडं तोंड केलं.

बऱ्याच वेळानं मेमे म्हणाला, "जनावर निरोगी आहे. रोज दहाला येतं. वाकतं. चिडतं. जातं."

साहेबानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला.

"खातं काय?" मेमेनं विचारलं.

माझं हसू फुटलंच.

"तो मी आहे," साहेब म्हणाला.

मग सांगत बसला. थंडीनं बॅटरी एका दिवसात मरते. रोज बदलायला जावंच लागतं, त्याला इलाज नाय. पण बिबट्या का येत नाय, तेवढं सांगा.

मेमे उठला. दाराशी साहेबाचे बूट होते, ते उचलले. जागेवर आणले, बुडाखाली घेतले आन् वर बसला.

आता मात्र माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, म्हाताऱ्या, सोड ते बूट. दोन महिने त्या बॅटऱ्या खालनं हितवर माझ्या पाठीवर आल्यात, तुझ्या नाय. हित्तं बसून आमची भाकरी बुडवतोस व्हय?

त्यानं माझ्या म्होरं चहा सरकवला. मिठाचा, तिकडं तसाच पितात. मी पिलो. काय करणार.

साहेबानं विचारलं, "किती दिवस बसणार?"

"डोंगरावरनं तुझा वास जाईस्तोवर."

साहेब मोज्यांकडं बघत राह्यला. एका मोज्यातनं अंगठा भायेर आलेला...

मग बोलला. दोन महिन्यांत पयल्यांदा त्याचा आवाज मास्तरासारखा नव्हता.

"मेमे, मी गेलो नाही तर बॅटरी मरणार. मग तो आला काय अन् नाही आला काय... कळणार कुणाला?"

मेमेनं वाटी चाटून साफ केली.

"त्याला."